आराधनाला कुणी सांगितलं नाही

आराधना उजागरे आमच्या शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागली, तेव्हा आठवडाभरात मुलांनी तिचं नाव 'भाला मॅडम' पाडलं. सावेडीतल्या आमच्या शाळेचं मैदान फार मोठं नाही. ती कंपाउंडच्या एका टोकापासून धावत यायची, अंग मागे कमानीसारखं वाकवायची आणि भाला सोडायची, तो पार पलीकडच्या लिंबाजवळ जाऊन रुतायचा. माझ्या मराठीच्या तासाला पोरांचं लक्ष खिडकीबाहेर असायचं. मी त्यांच्यावर ओरडायचे आणि मग स्वतःच खिडकीशी जाऊन उभी राहायचे.

उंच, सडसडीत, रुंद खांद्यांची, लांब ढांगा टाकत चालणारी बाई. घोडेगावच्या पुढे, आतल्या बाजूला एका खेड्यात तिचं माहेर. वडील यशया उजागरे यांची थोडी बागायत, ऊस आणि कांदा, दावणीला म्हशी, आणि गावातल्या लहानशा चर्चचे ते पंच. आई दया घर आणि शेत दोन्ही ओढायची. शाळेत भाला नव्हता म्हणून यशयांनी बांबू तासून, पुढच्या टोकाला लोखंड ठोकून लेकीला भाला करून दिला होता. त्यावर शिकून ही पोरगी तालुका, जिल्हा करत राज्यापर्यंत गेली, तिसरी आली, पुढे बी.पी.एड. केलं आणि आमच्याकडे लागली.

तिची छाती सपाट होती. हे मी एरवी लिहिलं नसतं, पण तिची सगळी कहाणी तिथूनच सुरू होते. तिला स्वतःला त्याचं काही वाटत नव्हतं. ती पळणाऱ्या, फेकणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलींमध्ये वाढली. तिथं कुणाचा हात किती लांब फेकतो एवढंच बघतात. आपल्यात काही कमी आहे हे तिला लग्नानंतर कळलं, आणि ते तिच्या नवऱ्यानं कळवलं.

जॉय भिंगारदिवे दिसायला देखणा होता. गाड्यांच्या शोरूममध्ये सेल्सला, बोलण्यात गोड, रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायचा. स्थळ आलं तेव्हा दयाबाईंनी दोन दिवस देवाचे आभार मानले होते. तो दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता, आवाजही चढवत नव्हता. तो फक्त थट्टा करायचा. लग्नाला महिना झाला नसेल, त्याच्या मित्रांसमोर तो तिला म्हणाला, "काय भाऊ, चहा टाकलास का?" मित्र हसले. तीही हसली. पुढे ते नावच पडलं. घरात, फोनवर, नातेवाइकांत, 'भाऊ'. मी एकदा त्यांच्याकडे गेले होते तेव्हा माझ्या कानांनी ऐकलं.

"असं काय म्हणतात ते तुला?" मी बाहेर पडताना विचारलं.

"गंमत करतात हो, मॅडम," ती म्हणाली. पण जिन्याच्या लाइटखाली तिचा चेहरा मला गमतीचा दिसला नाही.

गंमत हळूहळू मोबाइलवर गेली. जॉय तिला फोटो दाखवायचा, आधीचे आणि नंतरचे. छाती मोठी करून देणाऱ्या कुठल्या तरी क्लिनिकच्या जाहिराती. "बघ ना, आता हे काहीच नाही राहिलं. दात बसवतात तसं झालंय." तिनं वर्षभर टाळलं. त्या वर्षात तो रागावला नाही, भांडला नाही, पण जवळही आला नाही. रात्री पाठ फिरवून झोपायचा आणि सकाळी पुन्हा गोड बोलायचा. शेवटी तीच म्हणाली, चला जाऊन येऊ.

पुण्याच्या त्या क्लिनिकमध्ये काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. गारेगार एसी, काचेचं टेबल, भिंतीवर हसऱ्या बायकांचे फोटो. डॉक्टर तरुण होता, छान कपड्यांतला. तो सगळं जॉयशी बोलत होता. ट्रेमध्ये वेगवेगळ्या मापांच्या सिलिकॉनच्या गाद्या होत्या. त्या ब्लाऊजमध्ये ठेवून आरशात बघायच्या. जॉयनं माप निवडलं. डॉक्टर म्हणाला होता त्याच्यापेक्षा एक मोठं.

आराधनानं दोनच प्रश्न विचारले. पहिला, "हे किती वर्षं टिकतं?"

"लाइफटाइम," डॉक्टर म्हणाला.

दुसरा, "माझं खेळाचं काम आहे. मी भाला फेकते. ते पुढे जमेल ना?"

"महिना-दीड महिन्यात सगळं पहिल्यासारखं करा," असं म्हणून तो जॉयकडे बघून हसला. "काही दिवस भांडी मात्र तुम्हाला घासावी लागतील."

गादी स्नायूच्या वर बसवणार की खाली, हे तिला कुणी सांगितलं नाही. असा काही फरक असतो हेच तिला माहीत नव्हतं, मग विचारणार काय? छेद कुठून घेणार, तेही नाही. पुढे मूल हवं आहे का, दूध पाजायचं आहे का, हा विषयच निघाला नाही. घरात छातीच्या कॅन्सरचं कुणी आहे का, हेसुद्धा नाही. तो माणूस खरा प्लास्टिक सर्जन होता की कुठला तरी कोर्स करून बसलेला, हे आजही आम्हाला माहीत नाही. नावाच्या खाली पुष्कळ अक्षरं होती, एवढं तिला आठवतं.

शाळेत तिनं अपेंडिक्सचं ऑपरेशन म्हणून रजा टाकली. परत आली तेव्हा ओढणी पुढून पूर्ण पसरून घेतलेली. एके दिवशी कपाटावरून खेळाच्या टोप्यांचं खोकं काढताना ती मध्येच थांबली, ओठ दाबून धरले आणि खोकं तसंच ठेवून खाली बसली. मी तिला स्कूटरवर घरी सोडलं. दारात चप्पल काढता काढता तिनं मला सगळं सांगितलं. रडली नाही. एखाद्या मुलीच्या पायाला लागलं तर हेडमास्तरांना सांगतात तसं सांगितलं.

"दुखतं का?" मी विचारलं.

"दुखणं कमी होतंय. पण मॅडम, पुढचा भाग बधिर आहे. माझा मीच हात लावला तर दुसऱ्या कुणाला लावल्यासारखं वाटतं."

ती बधिरता डाव्या बाजूला कायमची राहिली. तीही शक्यता असते, हे सांगायला वेळ लागत नाही. एक वाक्य आहे.

सुरुवातीचे काही महिने जॉय खूश होता. 'भाऊ' बंद झालं. तिला नवीन ड्रेस आणले, हॉटेलात नेलं, फोटो काढले. ती मला म्हणाली, "जाऊ द्या, घर तर सुधारलं." मलाही वाटलं, असेल बाई, आपल्याला काय कळतं.

मग सव्वीस जानेवारी आली. झेंडावंदनानंतर मुलांची कवायत होती. आराधना ट्रॅकसूटमध्ये समोर उभी राहून शिट्टीवर हात वर-खाली करत होती. पालक मोबाइलवर शूटिंग करत होते. जॉय मागे येऊन थांबला होता. त्या दिवशी घरी गेल्यावर तो म्हणाला, "सगळे तुझ्याकडेच बघत होते."

"तुम्हालाच तर ते पाहिजे होतं ना?"

"मला घरात पाहिजे होतं."

त्या दिवसापासून दुसरं सुरू झालं. मैदानावर कोण कोण असतं, भालाफेकीच्या सरावाला मोठ्या वर्गाची मुलं का, ट्रॅकसूट सैल का नाही घेत. ज्या अंगावरून तिला हिणवलं, त्याच अंगावरून आता संशय. तिनं एका मापानं मोठा, झोळीसारखा ट्रॅकसूट शिवून घेतला. तरी चर्चमध्ये दोघी-चौघी बायका एकमेकींना कोपर मारायच्याच. दयाबाईंनी तर पहिल्याच भेटीत ओळखलं होतं. लेकीला जवळ घेतलं आणि लगेच मागे सरकल्या.

"हे काय केलंस गं?" एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्या कित्येक महिने तिला जवळ घ्यायच्या नाहीत, नुसता डोक्यावर हात ठेवायच्या.

पण तिचा खरा घात मैदानावर झाला. दीड महिना झाला, तीन महिने झाले, सहा झाले. तिनं भाला उचलला. धावत आली, हात मागे नेला, आणि सोडताना छातीचा स्नायू आवळला गेला तशी आतली गादी वर आणि बाहेरच्या बाजूला सरकली. कपड्यावरून दिसलं. समोर नववीच्या मुली उभ्या होत्या. एकीनं तोंडावर हात ठेवला. भाला अर्ध्या अंतरावर आडवा पडला.

गादी छातीच्या स्नायूखाली सरकवली होती. त्यासाठी तो स्नायू खालून थोडा सोडवावा लागतो. ज्याच्या जोरावर ही बाई आयुष्यभर भाला फेकत आली, तोच. स्वयंपाक करणाऱ्या बाईला कदाचित फार फरक पडला नसता. हिच्या बाबतीत पहिल्यांदा विचारायची गोष्ट तीच होती, आणि हिनं न विचारता सांगितलीही होती. पण डॉक्टरला भांड्यांवरचा विनोद करायचा होता.

ती त्यानंतर मुलांसमोर भाला फेकेनाशी झाली. तोंडानं शिकवायची. मुलांनी नाव बदललं नाही, नवीन मुलांना मात्र ते नाव का पडलं हे कळत नव्हतं.

पुढच्या वर्षी मुलगी झाली, एंजल. बाळंतपण नीट पार पडलं. पण दूध उतरेना. उजवीकडून थोडं यायचं, डावीकडून जवळजवळ नाहीच. छेद बोंडाभोवतीच्या काळ्या भागातून घेतला होता, व्रण दिसू नये म्हणून. तिथूनच दुधाच्या नळ्या जातात. छेद छातीखालच्या घडीतून घेता आला असता, तिथं व्रण थोडा दिसतो पण दुधाला धोका कमी. हे निवडायचं असतं. तिला कुणी निवडू दिलं नाही. माप निवडायला मात्र तिच्या नवऱ्याला पूर्ण ट्रे दिला होता.

मी बाळ बघायला गेले तेव्हा तिची सासू पाळण्याशी बसली होती. घरात कोरडेपणा भरून राहिला होता.

"एवढी मोठी, तब्येतीची बाई," सासूबाई मला म्हणाल्या, "आणि लेकराला पाजता येईना. आमच्या वेळी असं नव्हतं. मनच नाही तर दूध कुठून येणार?"

आराधना बाटलीत पावडर कालवत होती. तिनं जॉयकडे बघितलं. "सांगा ना मम्मींना."

जॉय सोफ्यावर मोबाइल बघत बसला होता. "काय सांगू?" तो म्हणाला. मग उठून गॅलरीत गेला.

त्या माऊलीनं सहा महिने सुनेला बोल लावले आणि तिच्या मुलानं एकदाही तोंड उघडलं नाही. आराधनाही बोलली नाही. का नाही बोलली, हे मी तिला विचारलं. म्हणाली, "ज्यानं करायला लावलं त्यानं सांगावं असं वाटत होतं. मी त्याचीच वाट बघत बसले."

एंजल रांगायला लागली त्या सुमारास डावी बाजू कडक व्हायला लागली. आधी वाटलं, दुधाची गाठ. मग ती दगडासारखी झाली, वर चढली, आकार वाकडा झाला. पोरगी छातीवर डोकं टेकवून झोपायची, तर हिला कळ यायची. ती पोरीला उचलून उजवीकडे घ्यायची, पोरगी झोपेत पुन्हा डावीकडे वळायची.

मी तिच्याबरोबर पुण्याला गेले. जॉयला सुट्टी नव्हती. त्या पत्त्यावर दुसराच बोर्ड होता, टकलावर केस लावायचं सेंटर. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, आधीचे सर वर्षापूर्वीच सोडून गेले, कुठं गेले माहीत नाही. फोन लागत नव्हता.

"पेशंटची माहिती तरी असेल ना इथं?" मी विचारलं. "आत काय बसवलंय, कुठल्या कंपनीचं, ते तरी?"

"आमच्याकडे काही नाही, मॅडम."

खाली रस्त्यावर आल्यावर आराधना म्हणाली, "मोबाइल घेतला तरी बॉक्स देतात, वॉरंटी देतात. माझ्या अंगात काय आहे त्याची कुणाला चिठ्ठीसुद्धा ठेवावीशी वाटली नाही."

ओळखीनं एका मोठ्या हॉस्पिटलमधल्या प्लास्टिक सर्जनबाईंची वेळ मिळाली. साठीच्या असतील. त्यांनी आधी मला बाहेर बसवलं, मग आराधनानंच आत बोलावून घेतलं. त्या बाईंनी घाई केली नाही. तपासलं, सोनोग्राफी बघितली, मग एमआरआय करायला लावला आणि तो हातात आल्यावर कागदावर पेनानं छातीचं चित्र काढून समजावलं. शरीर कुठल्याही परक्या वस्तूभोवती पापुद्रा तयार करतं. काहींमध्ये तो जाड होऊन आवळायला लागतो. कुणाच्यात होईल हे आधी नक्की सांगता येत नाही, पण होतं, आणि बऱ्याच जणींना होतं. डावी गादी आतून फाटलेलीही होती. सिलिकॉन पापुद्र्यातच राहिलं होतं, म्हणून बाहेरून काही कळलं नाही. म्हणूनच या गाद्या बसवलेल्या बाईनं अधूनमधून तपासणी करत राहायची असते.

"मला लाइफटाइम म्हणाले होते," आराधना म्हणाली.

"लाइफटाइम नसतं. कुणाला दहा वर्षं, कुणाला पंधरा, कुणाला जास्त, कुणाला तुमच्यासारखं लवकर. पण एकदा बसवली म्हणजे आयुष्यात पुन्हा एखादं तरी ऑपरेशन होणार असं धरूनच चालायचं. बाळंतपणानं, वजनानं आकार बदलतो तो वेगळाच. काही खडबडीत प्रकारच्या गाद्यांनी क्वचित एक वेगळा कॅन्सरही होतो. तुमच्या कुठल्या आहेत ते काढल्यावरच कळेल."

आराधना चित्राकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टर, हे सगळं आधीपासून माहीत होतं का? म्हणजे माझं ऑपरेशन झालं तेव्हा?"

"हो."

"सगळ्या डॉक्टरांना?"

"जे हे शिकलेत त्यांना. बरीच वर्षं."

"म्हणजे नवीन काही सापडलेलं नाही."

"नाही," बाई म्हणाल्या.

तेवढ्यानं ती कोसळली. ऑपरेशन झालं तेव्हा रडली नव्हती, सासूच्या बोलण्यावर रडली नव्हती. माहिती तयार होती, कपाटात होती, फक्त तिला दिली नव्हती, हे तिला सहन झालं नाही. डॉक्टरबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि पुढच्या पेशंटला थोडं थांबायला सांगितलं.

दोन्ही काढायच्या असं तिनं तिथंच ठरवलं. जॉयला पटलं नाही. "एक खराब झाली तर एक बदल. नवीन चांगल्या कंपनीची टाकू. दोन्ही कशाला काढतेस? परत तसंच..."

"परत कसं?" तिनं विचारलं.

त्यानं मोबाइल हातात घेतला.

"दर काही वर्षांनी मला त्या टेबलावर झोपायचं नाही. आणि काढल्यावर पहिल्यासारखंसुद्धा होणार नाही, तेही मी विचारून आलेय. कातडी ताणली गेली आहे. लोंबणार. तुम्ही आताच ऐकून ठेवा."

ऑपरेशनला मी होते, आणि यशया आले होते. पांढरा सदरा, टोपी हातात धरलेली, पिशवीत दयाबाईंनी दिलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. आराधनाला आत नेल्यावर ते बराच वेळ बाकावर बसून राहिले. त्यांना सगळं मीच सांगितलं, जमेल तितक्या शब्दांत.

"मॅडम," ते म्हणाले, "मी घोडेगावच्या बाजारातनं म्हैस आनतो. दात बघतो. सड पिळून बघतो. किती वेतं झाली, लाथ मारती का, मालक का इकतोय, सगळं इचारतो. दोन मान्सं संगं नेतो. मंग पैशे देतो." ते टोपीची घडी पुन्हा पुन्हा घालत होते. "पोरीच्या अंगाला चाकू लावला अन् आमाला ठावं बी न्हाई. जावयानं इचारलं न्हाई, तिनं इचारलं न्हाई, आन् डाक्टरनं सांगितलं न्हाई. लई वंगाळ झालं."

मी पिशवीतली भाकरी काढून त्यांच्या हातात दिली.

गाद्या गुळगुळीत प्रकारच्या निघाल्या, म्हणजे त्या वेगळ्या कॅन्सरची भीती उरली नाही. तेवढं एकच बरं निघालं. जखम भरायला वेळ लागला. डाव्या बाजूला एक खळगा राहिला, कातडी सुरकुतली. पूर्वीची सपाट, घट्ट, खेळाडूची छाती तिला परत मिळाली नाही. मधल्या दिवसांतली, फोटोत शोभणारीही राहिली नाही. आता जी आहे ती या दोन्हींपैकी कुठलीच नाही. ती सुती बनियन घालते आणि आरशासमोर फार वेळ थांबत नाही.

जॉयनं काही भांडण केलं नाही. त्याच्या स्वभावात भांडण नाहीच. त्यानं छत्रपती संभाजीनगरच्या शोरूमला बदली मागून घेतली. पहिले काही रविवार आला. मग महिन्यातून एकदा. नाताळला आला, एंजलला सायकल दिली, चर्चमध्ये गिटार वाजवली, बायकांच्या बाजूला बसलेल्या आराधनाला नजरेनं टाळलं आणि संध्याकाळच्या बसनं परत गेला. घटस्फोट नाही, वाद नाही. लोक विचारतात तेव्हा सासूबाई म्हणतात, नोकरीमुळे लांब राहतो.

सासूबाईंना शेवटी आराधनानंच सांगितलं. त्या सगळं ऐकून म्हणाल्या, "मग आधी बोलायचं होतं ना." त्यानंतर त्यांनी दुधावरून कधी काही काढलं नाही. माफीही मागितली नाही.

एंजल आता पहिलीत आहे. आराधनाच्या दंडात थोडी ताकद आली आहे. शाळा सुटल्यावर कधीकधी ती एकटी भाला घेऊन उभी राहते. मैदानाच्या मध्यापर्यंत जातो. ती मोजत नाही. सातवीतल्या एका मुलीनं परवा तिच्यापेक्षा लांब फेकला, तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या आणि मुलीची पकड सुधारून दिली.

गोष्ट गुप्त राहिली नाही, राहणारही नव्हती. आता असं ऑपरेशन करायच्या विचारात असलेल्या बायका तिच्याकडे येतात. कुणाची बहीण, कुणाची मैत्रीण, एकदा तर ब्यूटी पार्लर चालवणारी बाई. आराधना प्रत्येकीला बसवते, चहा करते आणि सगळं सांगते. मी बऱ्याचदा तिथं असते. बायका मान हलवतात. पण त्यातल्या बहुतेकींना माहिती नको असते, परवानगी हवी असते. ती मिळाली नाही की त्यांचा चहा लवकर संपतो.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेतल्या क्लार्कबाईंची भाची, मोनिका, आईला घेऊन आली. तेवीस-चोवीस वर्षांची, चुणचुणीत. लग्न ठरलं होतं. मुलानं काही म्हटलं नव्हतं, पण हिलाच करून घ्यावंसं वाटत होतं. आई घाबरलेली होती, म्हणून घेऊन आली होती.

आराधनानं तिला जेवढं कुणाला सांगितलं नव्हतं तेवढं सांगितलं. "डॉक्टर प्लास्टिक सर्जनच आहे का ते बघ, आणि त्यानं अशी किती केलीत ते तोंडावर विचार. क्लिनिकमध्ये नको, हॉस्पिटलमध्ये कर, भूल देणारा वेगळा डॉक्टर असला पाहिजे. गादी कुठली, तिचा नंबर काय, ते कार्ड घेतल्याशिवाय घरी यायचं नाही. स्नायूच्या वर की खाली, छेद कुठून, बोंडाची जाणीव राहील का, दूध येईल का, हे सगळं आधी. उद्या कॅन्सर तपासायला छातीचा फोटो काढायची वेळ आली तर आधी सांगायचं, गादी आहे म्हणून. आणि काढायची वेळ आली तर काय, हे बसवायच्या आधीच विचारायचं." मग तिनं पोरीकडे नीट बघितलं. "आणि मुलं झाल्यावर विचार कर. तोपर्यंत तुला नको वाटेल कदाचित."

मोनिका सगळं ऐकत होती. मध्ये एकदाही अडवलं नाही. मग तिनं विचारलं, "पण ताई, दिसायला कसं दिसत होतं?"

तिची आई ओशाळली. "गप गं."

आराधना खोटं बोलली असती तर चाललं असतं. मी मनातून म्हणत होते, खोटं बोल.

"छान दिसत होतं," ती म्हणाली.

पोरीच्या चेहऱ्यावर जे उजळलं ते आम्ही तिघींनीही बघितलं.

दोन आठवड्यांनी आराधनाच्या मोबाइलवर मेसेज आला. मोनिकानं एका क्लिनिकमध्ये ऑपरेशनची तारीख घेतली होती. आराधनानं मला दाखवला, मग तिथंच स्टाफरूममध्ये बसून त्या डॉक्टरबाईंचं नाव आणि हॉस्पिटलचा पत्ता टाइप केला, खाली लिहिलं, 'करायचंच असेल तर निदान इथे कर.' मेसेज वाचल्याच्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

दिवाळीनंतर मोनिकाचं लग्न आहे. पत्रिका आम्हा दोघींना आली आहे. आराधना म्हणते, मी येणार नाही, एंजलची सहामाही परीक्षा आहे. परीक्षा दिवाळीच्या आधीच संपते, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.